वाशाची पाठ

तंजावरच्या या मालिकेत आतापर्यंत आपण दगड बघितला, कागद बघितला, मोडी दप्तरं बघितली. आज लाकूड. लाकडातही एकच वस्तू, धनुष्य. आणि तेही अख्खं नाही, त्याच्या पाठीला चिकटवायची एक पातळ पट्टी, जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाडीची. एवढ्याशा पट्टीवर एक भाग कशाला, असं वाटेल. पण ती पट्टी मी तंजावरच्या पाडलेल्या घरांच्या वाशांमधून काढतो, आणि ते वासे आता फार झपाट्यानं चुलीत चाललेत.

आधी मोकळ्या हातांची गोष्ट. तंजावरच्या राजवाड्यात जे कलादालन आहे तिथल्या चोळकालीन कांस्यमूर्तींमध्ये एक त्रिपुरांतक आहे. तीन पुरं जाळणारा शिव, म्हणजे धनुर्धारी शिव. पुढचे दोन्ही हात धनुष्य-बाण धरल्यासारखे वळवलेले, बोटांत ती अचूक पकड, शरीराला किंचित डौल. फक्त धनुष्य नाही. अशा मूर्तींचं धनुष्य वेगळं करून हातात बसवत असत, आणि वेगळी वस्तू वेगळी हरवते. बृहदीश्वराच्या देवळात जा, तिथे शिखराच्या खालच्या भिंतींवर वरच्या रांगेतल्या कोनाड्यांतून हाच त्रिपुरांतक पुन्हा पुन्हा उभा केलाय. आतल्या प्रदक्षिणामार्गातही तो आहे, रथात उभा, आठ हातांचा, रंगवलेला. नायकांच्या काळातल्या चित्रांच्या थराखाली झाकलेली ती चोळांची चित्रं १९३१ साली उजेडात आली. राजराजानं १०१० मध्ये पुरं केलेलं हे देऊळ एका अर्थानं धनुर्धाऱ्याचं देऊळ आहे. तिथल्या शिलालेखांत ज्या पलटणींची नावं येतात त्यांत ‘विल्लिगळ’ आहेत. विल् म्हणजे धनुष्य. विल्लिगळ म्हणजे तिरंदाज.

इतके तिरंदाज, इतके देव, मग त्यांची धनुष्यं गेली कुठे?

लोखंडाचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. राजवाड्याच्या आवारातला तो उंच मनोरा बघा. टेहळणीसाठी आणि शस्त्रागार म्हणून तो वापरात होता, १८५५ पर्यंत. त्या वर्षी दुसरे शिवाजीराजे वारले, गादीला मुलगा नव्हता, आणि कंपनीनं भोसल्यांचं राज्य संपलं असं जाहीर केलं. त्यानंतरच्या दशकात शस्त्रागार रिकामं केलं गेलं. निवडक हत्यारं मद्रासच्या संग्रहालयाकडे गेली आणि उरलेली ढिगानं मोडून भंगाराच्या भावात विकली. वॉलहाउस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७८ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त याबद्दल लिहून ठेवलंय. आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयापर्यंत तंजावरच्या कट्यारी पोचल्यात. अंकुश आहेत, तलवारी आहेत. म्हणजे पोलादाचा मागोवा निघतो. मोडलं तरी त्याचं वजन होतं, आणि वजनाची नोंद होते.

लाकडाची नोंद कोण करणार? मोडलेलं धनुष्य म्हणजे एक काठी. कुणी कुंपणाला लावली, कुणी चुलीत घातली. वाळवी आहे, कावेरीच्या खोऱ्याची दमट हवा आहे. इंग्रजांकडे ‘मेरी रोज’ नावाचं जहाज १५४५ मध्ये बुडालं आणि चिखलात गाडलं गेलं म्हणून १९८२ साली ते वर काढलं तेव्हा शंभराहून जास्त लाकडी धनुष्यं त्यांच्या हाती आली. आपल्याकडे असा चिखल मिळायला नशीब लागतं.

तेव्हा लाकडी धनुष्याच्या इतिहासाला दोनच वाटा उरतात. एक पोथीची, दुसरी हाताची.

पोथीची वाट तंजावरातूनच जाते, हे मला फार आवडतं. कौटिल्याचं अर्थशास्त्र शतकानुशतकं नुसतं नावानं माहीत होतं. तंजावर जिल्ह्यातल्या एका पंडितानं ताडपत्रावरची एक प्रत म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयाला आणून दिली. तिथले ग्रंथपाल शामशास्त्री यांनी १९०५ मध्ये ती ओळखली आणि १९०९ मध्ये छापली. त्या ग्रंथात आयुधागाराच्या प्रकरणात धनुष्यांचे चार प्रकार सांगितलेत, आणि ते आकारावरून नाहीत, कशापासून केलं त्यावरून आहेत. ताडाचं, बांबूचं, लाकडाचं आणि शिंगाचं. शामशास्त्र्यांच्या अर्थाप्रमाणे त्यांची नावं अनुक्रमे कार्मुक, कोदंड, द्रूण आणि धनुष्. म्हणजे बघा, तंजावरजवळ पुन्नैनल्लूरला मराठ्यांच्या काळातलं कोदंडरामाचं देऊळ आहे. कौटिल्याच्या हिशेबानं त्या रामाच्या हातात बांबू हवा! गंमत सोडा. आपल्या कामाचा शब्द पहिला आहे: ताल. ताड.

ताडाचं धनुष्य हे वाचून पुष्कळ लोक पुढे सरकतात. ताड म्हणजे नीरा, ताडगोळे, पंखा. लाकूड म्हणून ताड आपल्या डोक्यातच येत नाही. तामिळनाडूत तसं नाही. तिथे पनै हा राज्यवृक्ष आहे आणि जुन्या घरांच्या छपरात तोच बसलाय. कुंभारानं हातानं घडवलेली अर्धगोल कौलं वर, त्याखाली रिपा, आणि रिपांखाली ताडाचे काळपट वासे. जुन्या झाडाचं खोड उभं फाडून काढलेले. हे ‘फाडून’ लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता हाताची वाट. धनुष्याला पाठ असते आणि पोट असतं. तिरंदाजाच्या तोंडाकडे असतं ते पोट, निशाण्याकडे असते ती पाठ. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. मधल्या थराला ना ताण ना दाब. विराटपर्वात उत्तर शमीच्या झाडावरून पांडवांची हत्यारं उतरवतो तेव्हा एकेका धनुष्याचं वर्णन विचारतो. कुणाच्या पाठीवर सोन्याचे हत्ती, कुणाच्या पाठीवर सोन्याचे किडे. दसऱ्याला आपण शमी पुजतो, पण त्या धनुष्यांच्या पाठीकडे कुणी बघत नाही. ज्यानं ते लिहिलं त्याला मात्र पाठ आणि पोट वेगळं असतं हे नीट ठाऊक होतं.

धनुष्य मोडतं ते बहुतेक वेळा पाठीकडून. एखादा तंतू वर येतो, तिथून चीर जाते आणि हातात दोन तुकडे राहतात. म्हणून ताणाला चिवट असा दुसरा पदार्थ पाठीवर चढवायचा. मोगली धनुष्यांत पोटाला म्हशीचं शिंग आणि पाठीला जनावराच्या ताती सरसानं बसवत. अप्रतिम वस्तू. पण सरस हा पाण्याचा शत्रू. ऑक्टोबर ते डिसेंबर तंजावरला जो ईशान्य पाऊस लागतो त्यात असलं धनुष्य ढिलं पडतं. हिंदुस्थानात बांबूची आणि पोलादाची धनुष्यं टिकून राहिली त्याचं एक मोठं कारण ही हवा आहे. मराठीत ‘कमठा’ हा शब्द बांबूच्या धनुष्याला चिकटलाय तो उगाच नाही.

शिंग नको, ताती नकोत, तर पाठीला काय लावायचं? एका लाकडावर दुसऱ्या लाकडाची पट्टी. जपानी लोक बांबू लावतात. इंग्लंड-अमेरिकेत हिकरीची पट्टी लावतात. मी लावतो ताडाच्या वाशाची.

नवा ताड तोडून का नाही? एक तर तामिळनाडूत उभा ताड तोडणं मला स्वतःला पटत नाही. पण ते बाजूला ठेवा, कारागिरीचंच कारण पुरेसं आहे. पाठीच्या पट्टीत तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड जायला हवेत. तिरके बाहेर पडले की तिथे पट्टी उकलणार. वखारीतलं आजचं लाकूड यंत्राच्या करवतीनं कापलेलं असतं, आणि करवत सरळ रेषेत जाते. तंतू कुठे वळतात याची तिला फिकीर नसते. जुना वासा पाचर ठोकून फाडलेला असतो. पाचर तंतूच्या वाटेनं जाते. त्यामुळे वासा दिसायला थोडा वेडावाकडा, पण आतला तंतू छताच्या आढ्यापासून वळचणीपर्यंत एकसंध. शंभर वर्षांपूर्वी ज्यानं तो फाडला त्यानं माझं अर्धं काम करून ठेवलंय.

दुसरं कारण ताडाच्या घडणीत आहे. सागाच्या किंवा बाभळीच्या झाडात गाभा कठीण आणि साल-बाजू मऊ. ताडात उलटं. आत भुसा, बाहेर लोखंड. त्याला वार्षिक वलयं नसतात, नुसते काळे तंतू खच्चून भरलेले असतात, आणि बाहेरच्या कडेला सगळ्यात दाट. बांबूचंही असंच आहे, म्हणून तो पाठीला चालतो. तमिळमध्ये जून झालेल्या लाकडाच्या कठीण भागाला वैरम् म्हणतात. वैरम् म्हणजे हिरासुद्धा. ताडाचा हिरा अंगाबाहेर असतो, एवढंच.

आता वासा निवडायचा कसा. पाडलेल्या घरापाशी ढीग पडलेला असतो. पहिली गोष्ट, वजन. हातात घेतलेला वासा हलका लागला तर तो कोवळ्या झाडाचा किंवा आतून पोखरलेला. मग खिळे बघायचे. रिपा जिथे ठोकल्या तिथे हात-दीड हातावर भोकं असतात, आणि ती सगळी वरच्या बाजूला. पट्टी भोकाच्या बाजूनं काढायची, भोकातून नाही. खिळ्याचा गंज आजूबाजूला काळा पसरलेला असेल तर तेवढा भाग सोडायचा. भुंग्याची पिवळसर पूड दिसली की तो वासा तिथेच ठेवायचा.

यानंतरची परीक्षा मला तंजावरच्या एका म्हाताऱ्या आसारींनी दाखवली. आसारी म्हणजे सुतार. मी त्यांना अण्णा म्हणतो. वाशाच्या टोकाची बोटभर लांब, काडीएवढी चिरफळी काढायची आणि मोडायची. ‘खट्ट’ करून स्वच्छ तुटली तर लाकूड मेलेलं. कुरकुर करत, लांब धागे सोडत तुटली तर अजून जीव आहे. हे सांगून त्यांनी ढिगातले चार वासे बाजूला काढले आणि बाकीच्यांकडे हात करून म्हणाले, ‘ते भट्टीवाल्यांना जाऊ द्या.’ मला मात्र त्या बाकीच्यांमध्येही दोन चांगले दिसत होते. ते मी उचललेच. तंतू सरळ आहेत का हे बघायला मी आणखी एक करतो. तासलेल्या पृष्ठावर शाईचा थेंब टाकतो. शाई तंतूच्या दिशेनं धावते. ती कडेकडे वळली तर पट्टी रद्द.

पट्टी किती जाड? इथे लोक भावनेच्या भरात येतात. एवढं सुंदर काळं लाकूड, जाड ठेवू या! लाकडाचा ताठपणा जाडीच्या घनानं वाढतो. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट. पाठ फार जबरदस्त झाली तर पोट बिचारं दाबून चिरडलं जातं. त्यावर आडव्या बारीक सुरकुत्या दिसायला लागतात, आणि मग ते धनुष्य वाकडंच राहतं. मी तीन मिलिमीटरच्या आसपास थांबतो, आणि टोकांकडे त्याहून कमी. पोटाला बाभूळ, मोडक्या बैलगाडीची मिळाली तर उत्तम. लांबी माणसाएवढी. सिकंदराच्या आरमाराचा प्रमुख निआर्कस यानं हिंदी धनुष्य वापरणाऱ्याच्या उंचीएवढं असतं असं नोंदवलं होतं, ते एरियनच्या ग्रंथातून आपल्यापर्यंत आलं. तो सिंधूकाठचा होता, कावेरीकाठचा नव्हे. पण साध्या लाकडी धनुष्याला लांबी हवीच, नाहीतर लाकूड इतकं वाकतच नाही.

चिकटवण्याबद्दल तंजावरला कुणाला शिकवायला नको. तंजावरची जी चित्रं तुम्ही बघता, सोन्याचा वर्ख आणि खडे लावलेली, त्यांचं तमिळ नाव पलगै पडम्, म्हणजे फळीचं चित्र. मागे फणसाची फळी, तिच्यावर चिंचोक्याच्या खळीनं कापड, त्यावर खडूचा लेप, मग रंग. आज फळीच्या जागी प्लायवूड आलं. वीणेतही हाच विचार आहे. एकाच ओंडक्यातून कोरलेली ती एकांड वीणा, आणि भाग जोडून केलेली ती ओट्टु वीणा. एकांडाला मान जास्त, किंमत जास्त. धनुष्याच्या जगातही अखंड लाकडाच्या धनुष्याला असाच मान आहे, आणि पट्टी लावलेल्याकडे थोडं ‘जोडकाम’ म्हणून बघतात. मला हा भेद पटत नाही. चांगला ओंडका ज्याला परवडतो त्यानं अखंड करावं. फौजेला हजारो धनुष्यं लागत असतील तर जोडकाम करणारे हातच उपयोगी.

चिंचोक्याची खळ कापडाला पुरते, धनुष्याला नाही. मी एपॉक्सी वापरतो, आणि तेही फेब्रुवारी ते एप्रिलच्या कोरड्या दिवसांत. पृष्ठ आदल्या दिवशी तासून ठेवायचं नाही, लावायच्या आधी ताजं तासायचं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिकंजे लावायचे, जवळजवळ. शिकंजे कमी पडले तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घट्ट गुंडाळायच्या. त्यांचा दाब सगळीकडे सारखा बसतो.

इथे मला थांबून एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण असले व्हिडिओ बघून लोक लगेच ‘चोळांचं धनुष्य पुन्हा बनवलं’ असं म्हणायला लागतात. मी तसं म्हणत नाही. अर्थशास्त्रात ताडाचं धनुष्य आहे, ताडाच्या पट्टीचं नाही. माझा गोंद विसाव्या शतकातला आहे. अख्ख्या ताडाचं धनुष्य करता येतं, न्यू गिनीतले लोक काळ्या ताडाचं करतात, पण त्यासाठी जाड, जून खोडाचा तुकडा लागतो आणि वाशात तेवढी जाडी राहिलेली नसते. वाशातून पाठच निघते. मी जे ताडून बघतो ते एवढंच, की कौटिल्याच्या यादीतला पहिला शब्द कवीकल्पना नव्हता. दाबाखाली, ताणाखाली, महिनोन्‌महिने दोरी चढवून-उतरवून ती पट्टी टिकते. ज्यानं ताडाला चार प्रकारांत पहिलं बसवलं त्यानं ते लाकूड हातात धरलं होतं.

आणखी एक धागा भाषेचा. तमिळमध्ये विल् म्हणजे धनुष्य, आणि विल् वंडी म्हणजे स्प्रिंगवाली बैलगाडी. मराठीत कमान म्हणजे धनुष्य, आणि घड्याळाची स्प्रिंगही कमानच. ट्रकच्या खाली एकावर एक बसवलेले पाटे बघितलेत ना? पातळ पट्ट्यांचा थर, वाकणारा आणि परत येणारा. दोन्ही भाषांना स्प्रिंगसाठी नवा शब्द लागला नाही. धनुष्य वापरातून गेलं, नाव दुसऱ्या कामाला लागलं. कच्छमध्ये तर माणसंच दुसऱ्या कामाला लागली. कमानगर म्हणजे धनुष्य करणारे. तिथले कमानगर धनुष्यं रंगवता रंगवता भिंतींवर चित्रं काढायला लागले, आणि आज ‘कमानगरी’ म्हणजे कच्छची भित्तिचित्रं.

आता घरांकडे. राजवीथ्यांच्या मागच्या गल्ल्यांत जुनी कौलारू घरं आहेत, त्यांत तंजावर मराठी कुटुंबांचीही आहेत. मुलं चेन्नईला, बंगळूरला, परदेशात. घर विकलं की नवा मालक आधी छप्पर काढतो. दारं, खांब, कोरीव तुळया यांना गिऱ्हाईक लगेच मिळतं. तंजावरपासून शंभर किलोमीटरच्या आसपास कारैकुडी आहे, तिथे चेट्टियारांच्या वाड्यांमधला बर्मा सागवान, खांब, चौकटी यांचा अख्खा बाजार चालतो. साग चकाकतो, त्याच्यावर कोरीव काम असतं, तो पुण्या-मुंबईच्या हॉटेलात जाऊन बसतो. पण पाठीसाठी साग मला नको. तेलकट असतो, गोंद धरायला कुरकुरतो, आणि ताणाला ताडाची सर त्याला नाही. ज्याला बाजारात किंमत आहे तो माझ्या कामाचा नाही, आणि ज्याची मला किंमत आहे तो विटांच्या भट्टीत जातो. वाशाला कुणी ‘अँटिक’ म्हणत नाही.

नोव्हेंबर २०१८ मध्ये गज चक्रीवादळ आलं तेव्हा पट्टुकोट्टै, पेरावूरणी भागात नारळाची लाखो झाडं आडवी झाली. खोडं उचलायला माणसं मिळेनात, शेतकऱ्यांना ती हटवणं हाच खर्च झाला. नारळाचंही बाहेरचंच लाकूड कठीण असतं. त्यातल्या जुन्या झाडांच्या बुंध्याकडच्या पट्ट्याही मी वापरून बघितल्यात. ताडाइतक्या चिवट नाहीत, पण हलक्या आहेत, आणि लहान मुलांच्या धनुष्याला छान.

ज्यांची घरं त्या बाजूला आहेत, किंवा कोकणात, विदर्भात जुन्या कौलारू घरांचं काम निघालंय, त्यांना एक विनंती. छप्पर उतरवण्याआधी वाशांचे फोटो घ्या, वर असतानाच. कोणता वासा फाडलेला, कोणता करवतीचा, ते कसे बांधले होते, खिळ्यानं की काथ्यानं. एखादा वासा टोकापासून टोकापर्यंत अखंड, न कापता, कोरड्या जागी आडवा ठेवा, तीन ठिकाणी आधार देऊन. मधोमध कापून दिलात तर सुताराला स्टूल होईल, धनुष्याला पट्टी होणार नाही. पावणेसहा फूट सलग हवं.

मूर्तीच्या हातातलं धनुष्य आपल्याला परत मिळणार नाही. माझ्याकडे सध्या सहा वासे आहेत. त्यातल्या दोघांवर रिपांच्या खिळ्यांची रांग इतकी मधोमध आली आहे की दोन्ही बाजूंनी अरुंद पट्ट्याच निघतील, त्या मी मधे जोड देऊन वापरीन. पुढच्या भागात फणसाकडे जाऊ: एकांड वीणेचा ओंडका कसा निवडतात आणि वीणेच्या पोकळीतून निघालेल्या ढलप्यांचं काय करतात. तोवर नमस्कार.